आधी खाती, मग स्कॅन, मग ग्रुप: गोव्यातल्या घरांसाठी संगणक सफाई

संगणक अडखळायला लागला, नको त्या जाहिराती दिसू लागल्या किंवा तुमच्या नावाने भाचीला भलतीच लिंक गेली, की बहुतेक घरांत पहिलं काम होतं ते एखादा फुकट अँटिव्हायरस शोधून उतरवून घ्यायचं. हा क्रम उलटा आहे. आजचे बरेचसे व्हायरस संगणक बिघडवायला येतच नाहीत. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड उचलायचे आणि तुमच्या नावाने तुमच्या ओळखीच्या माणसांपर्यंत पोहोचायचं, हे त्यांचं काम. तुम्ही तासभर स्कॅन करत बसता तेवढ्या वेळात तुमचं ईमेल खातं दुसऱ्याच्या हातात गेलेलं असू शकतं. म्हणून आधी जोडणी तोडायची, मग खाती वाचवायची, त्यानंतर सफाई करायची आणि शेवटी ज्यांच्यापर्यंत घाण पोहोचली असेल त्यांना कळवायचं. हे सगळं घरबसल्या जमतं. संगणक पहिल्यांदाच हाताळणाऱ्यालाही जमतं, फक्त घाई करायची नाही.

खरंच व्हायरस आहे का?

हा प्रश्न आधी विचारा, कारण आपल्याकडच्या दमट हवेत आणि पावसाळ्यातल्या वीज जाण्या-येण्यात संगणक दुसऱ्याही कारणांनी रडतात. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. तिथे ‘डिस्क’खालचा आकडा बराच वेळ १०० टक्क्यांवर अडकून राहत असेल आणि संगणक जुना, फिरत्या हार्ड डिस्कचा असेल, तर बहुधा डिस्कच थकली आहे. तिच्या जागी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसवली की अशा संगणकाला पुन्हा वेग येतो. त्यासाठी अँटिव्हायरसवर पैसे घालू नका.

संशय घ्यावा अशी चिन्हं वेगळी असतात. विंडोज सिक्युरिटी आपोआप बंद झाली आहे आणि चालू करायला गेलं तरी होत नाही. ब्राउझरचं पहिलं पान बदललं आहे. तुम्ही न लिहिलेले संदेश लोकांना गेले आहेत. काहीच उघडलेलं नसताना पंखा जोरात फिरतो आणि टास्क मॅनेजरमध्ये कुठलातरी अनोळखी प्रोग्राम सगळी ताकद खातो आहे. फोटोंच्या नावांपुढे विचित्र अक्षरं चिकटली आहेत आणि ते उघडत नाहीत.

पडदाभर लाल पाटी, मोठा भोंगा आणि ‘या नंबरवर ताबडतोब फोन करा’ असं दिसलं, तर ते बहुतेक वेळा नुसतं एक वेबपान असतं. मायक्रोसॉफ्ट आपल्या इशाऱ्यांमध्ये फोन नंबर देत नाही. टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा आणि पुन्हा उघडताना जुनी पानं परत आणू नका. त्या नंबरवर फोन केलात, की पलीकडचा माणूस तुमच्याकडून एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर, म्हणजे लांबून तुमचा संगणक चालवू देणारा प्रोग्राम, उतरवून घेईल आणि खरा त्रास तिथून सुरू होईल.

पहिली पायरी: जोडणी तोडा

वायफाय बंद करा, केबल असेल तर काढा. पेन ड्राइव्ह आणि बाहेरची हार्ड डिस्क लावलेली असेल तर तीही काढा. फायलींची नावं डोळ्यांदेखत बदलत असतील, तर पॉवरचं बटण दाबून धरून संगणक सरळ बंद करा. अशा वेळी प्रत्येक मिनिटाला आणखी फोटो कुलूपबंद होत असतात.

दुसरी पायरी: दुसऱ्या यंत्रावरून खाती वाचवा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि हीच बहुतेक जण विसरतात. बाधित संगणकावर बसून पासवर्ड बदलू नका, नवा पासवर्डही चोरीला जाईल. स्वच्छ फोन किंवा घरातला दुसरा संगणक घ्या.

सुरुवात ईमेलपासून करा. बाकी सगळ्या खात्यांचे पासवर्ड त्याच पत्त्यावरून बदलता येतात, त्यामुळे ईमेल गेलं की मागोमाग सगळंच जातं. त्यानंतर बँक, मग फेसबुक आणि इन्स्टाग्राम. पण नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. तुम्ही एकदा लॉगिन केलं की ब्राउझर एक छोटी नोंद जपून ठेवतो, तिला कुकी म्हणतात. ती चोरणाऱ्याला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही लागत नाही. म्हणून प्रत्येक खात्यात जाऊन सगळ्या यंत्रांवरून बाहेर पडा. गूगल खात्यात सिक्युरिटीखाली ‘युअर डिव्हायसेस’ असतं, फेसबुकच्या अकाउंट्स सेंटरमध्ये कुठे कुठे लॉगिन आहे त्याची यादी मिळते. ओळखीचं नसेल ते काढा. शंका असेल तर सगळंच काढा आणि पुन्हा लॉगिन करा.

व्हॉट्सॲपवर ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडा. मुख्य फोनशिवाय चार यंत्रं जोडता येतात, आणि बऱ्याच जणांना आपल्या खात्याला कुठलं यंत्र जोडलेलं आहे हेच माहीत नसतं. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला म्हणून कधीतरी उघडलेलं व्हॉट्सॲप वेब तिथे तसंच राहिलेलं सापडतं. सगळी यंत्रं काढून टाका. मग ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’ चालू करून सहा आकडी पिन ठेवा. जन्मतारीख ठेवू नका.

तिसरी पायरी: आपलं ते बाजूला काढा

स्कॅन करण्याआधी कागदपत्रं आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर घ्या. फक्त फोटो, व्हिडिओ, पीडीएफ आणि लिहिलेल्या फायली घ्यायच्या. प्रोग्राम, गेम, झिप फायली, नावाच्या शेवटी ईएक्सई असलेलं काहीही घेऊ नका. नावाचा शेवट दिसत नसेल तर फाइल एक्सप्लोररमध्ये ‘व्ह्यू’, मग ‘शो’ आणि ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ निवडा. ही खूण कायमची चालू ठेवा. ‘लग्नपत्रिका पीडीएफ’ असं दिसणारी फाइल मुळात ईएक्सई, म्हणजे प्रोग्राम आहे, हे तेव्हाच कळतं. नकल झाली की डिस्क काढून ठेवा आणि संगणक स्वच्छ झाल्यावर, तिच्यावर आधी स्कॅन फिरवूनच, ती उघडा.

फायली आधीच कुलूपबंद झाल्या असतील तर खंडणी देऊ नका आणि त्या फायली पुसूही नका. ‘नो मोअर रॅन्सम’ नावाचा उपक्रम युरोपोल आणि नेदरलँड्सच्या पोलिसांनी काही सुरक्षा कंपन्यांसोबत २०१६ मध्ये सुरू केला. तिथे अनेक जातींच्या रॅन्समवेअरच्या (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसांच्या) किल्ल्या फुकट मिळतात. आज किल्ली नसली तरी काही महिन्यांनी येऊ शकते.

चौथी पायरी: स्कॅन

विंडोज १० किंवा ११ असेल तर चांगला अँटिव्हायरस संगणकात आधीपासूनच आहे. स्टार्टमध्ये ‘विंडोज सिक्युरिटी’ शोधा. थोडा वेळ इंटरनेट जोडून ‘प्रोटेक्शन अपडेट्स’ घ्या आणि पुन्हा तोडा. मग ‘व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन’मध्ये ‘स्कॅन ऑप्शन्स’ उघडून ‘फुल स्कॅन’ निवडा. याला काही तास लागू शकतात, तेव्हा रात्री लावून झोपा. लॅपटॉप चार्जरवर असू द्या. पावसाळ्यात यूपीएस नसेल तर ज्या दिवशी गडगडाट आहे त्या दिवशी हे काम काढू नका.

फुल स्कॅन झाला की त्याच यादीतला ‘मायक्रोसॉफ्ट डिफेंडर ऑफलाइन स्कॅन’ चालवा. यात संगणक स्वतःहून बंद होऊन चालू होतो आणि विंडोज पूर्ण उठायच्या आतच तपासणी होते. साधारण १५ मिनिटांचं काम आहे. खोल लपलेले व्हायरस विंडोज चालू असताना स्वतःला झाकून घेतात, इथे त्यांना तेवढी सवड मिळत नाही.

दुसरं मत म्हणून मालवेअरबाइट्सची फुकट आवृत्ती किंवा मायक्रोसॉफ्ट सेफ्टी स्कॅनर वापरा. सेफ्टी स्कॅनर उतरवल्यापासून १० दिवसच चालतो, नंतर नवा घ्यावा लागतो. भारत सरकारचं सायबर स्वच्छता केंद्र २०१७ पासून आहे, तिथेही सफाईची साधनं फुकट मिळतात. प्रत्येक गोष्ट मूळ संकेतस्थळावरूनच उतरवा, शोधल्यावर वर दिसणाऱ्या जाहिरातीवरून नको. आणि सतत पहारा देणारे दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका. ते एकमेकांच्या पायात येतात आणि संगणक आणखी मंद होतो.

व्हायरस स्कॅन सुरूच होऊ देत नसेल तर सेफ मोडमध्ये जा, त्यात विंडोज फक्त गरजेपुरतंच चालू होतं. शिफ्ट दाबून धरून ‘रिस्टार्ट’वर क्लिक करा. मग ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट, आणि यादी आली की ४. इथे काही लॅपटॉप बिटलॉकरची (डिस्कला लावलेल्या विंडोजच्या कुलपाची) लांबलचक किल्ली मागतात. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते, तेव्हा सेफ मोडमध्ये जायच्या आधीच फोनवरून ती शोधून कागदावर उतरवून घ्या.

ब्राउझर वेगळा साफ करावा लागतो. ‘एक्स्टेन्शन्स’च्या, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामांच्या यादीत ओळखीचं नसेल ते काढा. कोपऱ्यात सारख्या ‘तुमच्या संगणकात पाच व्हायरस’ अशा चिठ्ठ्या येत असतील, तर ‘साइट सेटिंग्ज’मध्ये ‘नोटिफिकेशन्स’ पाहा. कधीतरी ‘अलाऊ’ दाबल्यामुळे एखाद्या संकेतस्थळाला परवानगी मिळालेली असते. ती काढली की चिठ्ठ्या थांबतात.

एवढं करूनही लक्षणं परतली, तर सेटिंग्जमध्ये सिस्टम, रिकव्हरी, ‘रिसेट धिस पीसी’ आणि ‘रिमूव्ह एव्हरीथिंग’. माझं स्पष्ट मत आहे: पासवर्ड चोरणारा व्हायरस सापडला असेल तर बँकेचं काम होणारा संगणक रिसेटच करावा. एक संध्याकाळ जाते, पण नंतर शंका उरत नाही.

विंडोज ७ अजून वापरात असेल तर त्याचा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून मिळणारी सुरक्षा अपडेट्स, जानेवारी २०२० मध्ये संपला, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला, तेव्हा त्यावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच देऊन ठेवली होती. ज्यांनी अपडेट केलं नव्हतं ते सापडले.

पेन ड्राइव्ह आणि मामलेदार कचेरीबाहेरचं दुकान

१५ वर्षांचा निवासी दाखला, जमिनीचा फॉर्म १ व १४, जन्मदाखला, शाळेचा प्रवेश. आपल्याकडे प्रत्येक कामाला कागद लागतात आणि त्यासाठी पेन ड्राइव्ह घेऊन आपण झेरॉक्सच्या दुकानात जातो. त्या एका संगणकाला दिवसभरात किती पेन ड्राइव्ह लागत असतील याचा विचार करा. घरी येऊन पाहिलं की फोल्डरांच्या जागी शॉर्टकट दिसतात, आणि मुलांचे फोटो गेले म्हणून घरात रडारड होते.

फोटो बहुधा गेलेले नसतात, लपवलेले असतात. शॉर्टकटवर क्लिक करू नका, क्लिक केलं की व्हायरस घरच्या संगणकात उतरतो. आधी पेन ड्राइव्हवर उजवं क्लिक करून स्कॅन करा. मग फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘हिडन आयटम्स’ चालू करा. तरी दिसलं नाही तर ‘फोल्डर ऑप्शन्स’मध्ये ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टम फाइल्स’ची खूण तात्पुरती काढा. बऱ्याचदा बिननावाचं एक फोल्डर दिसतं आणि सगळं त्यात असतं. ते संगणकावर घ्या, पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा आणि खूण पुन्हा लावा. दुकानासाठी एक छोटा पेन ड्राइव्ह वेगळा ठेवा, त्यात फक्त त्या दिवशीची फाइल.

शहरागणिक सवयी

आता व्हॉट्सॲपच्या ग्रुपांकडे. संगणक साफ झाला तरी ज्या वाटेने व्हायरस आला ती वाट उघडीच असते, आणि गोव्यात ती वाट ओळखीतून जाते. इथे कुणीतरी कुणाचातरी आतेभाऊ असतो, म्हणून आलेली फाइल कुणाची आहे एवढंच पाहिलं जातं, ती काय आहे ते पाहिलं जात नाही. २०२५ मध्ये ब्राझीलमध्ये पसरलेला एक व्हायरस नेमका असाच चालला: ओळखीच्या माणसाकडून झिप फाइल, ती संगणकावर उघडली की व्हॉट्सॲप वेबमधून सगळ्या संपर्कांना तीच फाइल. पाठवणाऱ्याला पत्ताही नाही.

मला दिसणाऱ्या सवयी गावोगाव वेगळ्या आहेत, आणि सावधगिरीही त्याप्रमाणे वेगळी लागते.

पणजीत कचेऱ्यांचे ग्रुप. परिपत्रक म्हणून पीडीएफ येते आणि न वाचता पाच ग्रुपांत पुढे जाते. साहेबांचा फोटो लावलेल्या नव्या नंबरवरून ‘मीटिंगमध्ये आहे, एक काम करा’ असं आलं, तर साहेबांच्या जुन्या नंबरवर फोन करा. त्यात उद्धटपणा काही नाही.

म्हापसा आणि बार्देशच्या किनाऱ्यावर खोल्या, स्कूटर, व्हिला भाड्याने देणारी घरं आहेत आणि त्यांचा सगळा व्यवहार इन्स्टाग्राम व ईमेलवर. त्यांच्यासाठी हा इशारा फार मोलाचा आहे. मार्च २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक युक्ती उघड केली. हॉटेल चालवणाऱ्यांना बुकिंग संकेतस्थळाच्या नावाने मेल येतो: पाहुण्याची तक्रार आहे, इथे पाहा. लिंकवर ‘मी रोबो नाही’ची चौकट येते आणि सांगते की विंडोज व आर दाबा, मग कंट्रोल व व्ही, मग एंटर. या तीन गोष्टी केल्या की तुम्ही स्वतःच्या हाताने व्हायरस चालवलेला असतो, आणि आपणच दिलेला हुकूम म्हणून अँटिव्हायरसही कधी कधी गप्प बसतो. खरी चौकट असं काही करायला कधीच सांगत नाही. घरी पाहुणे ठेवणाऱ्या प्रत्येकाने, आणि बुकिंग सांभाळणाऱ्या मुलामुलींनी, हे पाठ करून ठेवावं.

मडगाव आणि सासष्टीत घरटी कुणीतरी बोटीवर, आखातात नाहीतर इंग्लंडात. पासपोर्ट, जन्मदाखले, जुने पोर्तुगीज कागद स्कॅन होऊन व्हॉट्सॲपवर फिरतात आणि संगणकात तसेच पडून राहतात. व्हायरसला यापेक्षा मोठं घबाड नाही. असे कागद पासवर्ड लावलेल्या पीडीएफमध्ये पाठवा आणि पासवर्ड फोनवर सांगा. बोटीवरच्या माणसाचा फोन दिवसचे दिवस लागत नाही, याचाच फायदा ‘हा माझा नवा नंबर, पैसे पाठव’ म्हणणारे घेतात. घरातल्या घरात एक प्रश्न ठरवून ठेवा, ज्याचं उत्तर बाहेरच्याला माहीत असणार नाही. क्रूझवर नोकरीची फाइल आली तर एजंटकडे जहाज वाहतूक महासंचालनालयाचा भरती परवाना आहे का ते आधी पाहा, फाइल नंतर.

फोंड्याकडे देवस्थानांचे ग्रुप. निम्मे कुळावी (त्या देवाला कुलदैवत मानणारे) मुंबई, पुणे, बेळगावात, त्यामुळे जत्रेचं थेट दर्शन, अग्रशाळेतली (देवळाच्या धर्मशाळेतली) खोली, देणगी, सगळं फोनवर. खोलीचे पैसे भरण्याआधी देवस्थानच्या कचेरीत फोन करून खात्री करा. क्यूआर कोड ग्रुपमधून आला म्हणून तो देवस्थानचा होत नाही. वास्कोत दामोदर सप्ताहाच्या दिवसांत फिरणाऱ्या ‘लाइव्ह’ लिंकांनाही हेच लागू. व्हिडिओ पाहायला ॲप उतरवा म्हणणारी लिंक तिथेच सोडा.

डिचोली, साखळी, पेडण्यात भजनी मंडळं आणि नाटकमंडळ्यांचे ग्रुप आहेत. चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की बॅनर करणारी मुलं फोटो सजवायचं महागडं सॉफ्टवेअर ‘क्रॅक’ करून, म्हणजे त्याचं कुलूप तोडून फुकटात घेतात. पासवर्ड चोरणारे व्हायरस अशाच क्रॅकमधून मोठ्या प्रमाणात येतात. क्रॅक चालवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, तेवढ्यावरूनच ओळखावं. बॅनरपुरतं काम जिंप किंवा इंकस्केपमध्ये फुकट होतं. मुलांना ओरडण्यापेक्षा ते शिकवून द्या.

सगळ्याच गावांत आता लग्नपत्रिका किंवा वाहनाचं चलन म्हणून एपीके फाइल, म्हणजे फोनवर ॲप बसवणारी फाइल, येते. पत्रिका कधीही एपीके नसते. चुकून बसवली गेली असेल तर फोनचं इंटरनेट बंद करा, ॲप काढा, आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, कारण असं ॲप तुमचे ओटीपी वाचतं. आई-बाबांच्या फोनवर ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ सगळीकडे बंद, व्हॉट्सॲपचं आपोआप डाउनलोड बंद आणि ग्रुपमध्ये कोण घेऊ शकेल तिथे ‘माय कॉन्टॅक्ट्स’, एवढं तुम्ही स्वतः बसून करून द्या. संगणकावर मुलांना वेगळं, ॲडमिनचे (संगणकात बदल करायचे) अधिकार नसलेलं खातं द्या.

लोकांना कळवा, आणि पैसे गेले असतील तर

आपल्या खात्यातून काही गेलं असेल तर लाजेने गप्प बसू नका. ग्रुपवर एवढं पुरे: ‘आज दुपारी माझ्या नावाने आलेली फाइल मी पाठवलेली नाही. उघडू नका. उघडली असेल तर मला फोन करा.’ ज्येष्ठांना प्रत्यक्ष फोन करा, त्यांच्यापर्यंत संदेश उशिरा पोहोचतो.

पैसे गेले असतील तर सगळं सोडून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पटापट सरकवले जातात, त्यामुळे जितक्या लवकर कळवाल तितकी ते मध्येच गोठवले जाण्याची शक्यता जास्त. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते, आणि गोवा पोलिसांचं सायबर गुन्हे ठाणं रायबंदरला आहे. जाताना व्यवहाराचा क्रमांक, बँकेचे संदेश, समोरच्याचा नंबर आणि पडद्याचे फोटो सोबत न्या. ते गोळा होईपर्यंत चॅट पुसू नका आणि संगणक रिसेट करू नका.